वूझेनचे लोकरीती संग्रहालय कसे पाहावे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

चीनच्या झेजियांग प्रांतातील वूझेन हे कालव्यांच्या काठी वसलेले जुने गाव शांघायपासून सुमारे १४० आणि हांगझोऊपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. कामानिमित्त किंवा सहलीसाठी या दोन शहरांत जाणारे मराठी लोक एखादा दिवस काढून तेथे जातात, पुलावर उभे राहून फोटो काढतात, होडीत बसतात आणि संध्याकाळी परततात. गावातले ज्यांगनान लोकरीती संग्रहालय मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांचे एकतर राहून जाते किंवा दहा मिनिटांत उरकले जाते. ज्यांगनान म्हणजे यांगत्से नदीच्या दक्षिणेचा, भात आणि रेशीम यांवर पोसलेला प्रदेश. छिंग या चीनमधल्या शेवटच्या राजघराण्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात तेथील माणसे काय नेसत, लग्न कसे लावत, थोरांचा वाढदिवस कसा साजरा करत आणि वर्षाचे सण कोणत्या क्रमाने पाळत, हे या संग्रहालयात मांडलेले आहे. संग्रहालय नीरस आहे असे नाही. पाहणाऱ्याजवळ त्याची किल्ली नसते, एवढेच. मराठी माणसाच्या बाबतीत ती किल्ली घरच्या भिंतीवरच टांगलेली असते, ती म्हणजे आपली दिनदर्शिका. त्याविषयी सहाव्या पायरीत सविस्तर लिहिले आहे. आधी प्रवासाची व्यवस्था पाहू.

१. तिकीट कोणत्या भागाचे घ्यायचे ते ठरवा

पर्यटकांसाठी वूझेनचे दोन स्वतंत्र भाग आहेत आणि प्रत्येकाला वेगळे प्रवेशद्वार व वेगळे तिकीट आहे. पूर्वेकडचा भाग दोंगझा या नावाने ओळखला जातो. तो २००१ मध्ये पर्यटकांसाठी खुला झाला. पश्चिमेकडचा भाग म्हणजे शीझा. तो २००७ मध्ये खुला झाला. रात्रीची रोषणाई, मोठी हॉटेले आणि समाजमाध्यमांवर दिसणारी बहुतेक छायाचित्रे शीझातली असतात, त्यामुळे नवखा माणूस वूझेन म्हणजे शीझा असे धरून चालतो आणि तेवढेच तिकीट काढतो. लोकरीती संग्रहालय दोंगझात आहे. शीझाच्या तिकिटावर ते पाहता येत नाही, आणि सर्वांत जास्त लोक फसतात ते येथेच.

गेली काही वर्षे दोंगझाचे तिकीट ११० युआन, शीझाचे १५० युआन आणि दोन्हींचे एकत्रित तिकीट १९० युआन असे दर चालत आले आहेत. निघण्यापूर्वी ते पुन्हा तपासावेत. संग्रहालयाला वेगळे तिकीट नाही, ते दोंगझाच्या तिकिटातच येते. दोन्ही भागांमध्ये दीड-दोन किलोमीटरचे अंतर आहे. हाती एकच दिवस असेल आणि रस लोकजीवनात असेल, तर केवळ दोंगझा निवांत पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शीझा देखणे आहे, परंतु तेथील मूळ रहिवाशांना हलवून तो भाग नव्याने बांधून-सजवून काढलेला आहे. दोंगझात अजून काही घरांत माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, आणि दारात बसून भाजीही निवडतात.

२. व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना चीनचा पर्यटक व्हिसा आगाऊ घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी मुंबईत व्हिसा अर्ज केंद्र आहे. अर्ज आधी ऑनलाइन भरून मग कागदपत्रे सादर करायची असतात. येथे एका गैरसमजापासून सावध राहावे. अनेक देशांच्या नागरिकांना दुसऱ्या देशात जाता जाता चीनमध्ये २४० तास व्हिसाशिवाय थांबता येते आणि इंग्रजी प्रवासलेखांत या सवलतीचा उल्लेख सतत येतो, परंतु त्या यादीत भारत नाही. अमेरिकेत किंवा सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबात नवरा-बायकोची पारपत्रे वेगवेगळ्या देशांची असतील, तर प्रत्येकाचा नियम स्वतंत्रपणे पाहावा.

जवळ ठेवावयाची कागदपत्रे अशी:

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले आणि कोरी पाने असलेले पारपत्र
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरील ३३ × ४८ मिलिमीटर आकाराचे छायाचित्र (आपल्याकडच्या नेहमीच्या पारपत्र-फोटोपेक्षा हा आकार वेगळा आहे, हे फोटोवाल्याला आधीच सांगावे)
- जाण्या-येण्याचे विमान आरक्षण आणि हॉटेलांचे आरक्षण
- दिवसवार प्रवासाचा आराखडा
- बँकेचे अलीकडचे खातेविवरण
- हॉटेलाचे नाव व पत्ता चिनी लिपीत छापलेला कागद, हा व्हिसासाठी नव्हे तर टॅक्सीवाल्याला दाखवण्यासाठी

नोव्हेंबर २०२५ पासून चीनमध्ये प्रवेश करताना भरायचे आगमनपत्र ऑनलाइन भरण्याची सोय झाली आहे. ते घरूनच भरून ठेवल्यास विमानतळावरची एक रांग वाचते. त्याच महिन्यापासून दिल्ली–शांघाय थेट विमानसेवाही पुन्हा सुरू झाली. चीनमध्ये हॉटेलात उतरल्यावर पारपत्र दाखवावे लागते आणि पोलिसांकडची नोंद हॉटेलच करते. एखाद्या परिचिताच्या घरी राहणार असाल, तर ही नोंद २४ तासांच्या आत स्वतः करावी लागते, हे यजमानालाही अनेकदा ठाऊक नसते.

३. पैसे आणि फोन

चीनमध्ये चहाच्या टपरीपासून बसपर्यंत सर्व व्यवहार फोनवर चालतात, हे खरे आहे. परंतु त्यासाठी लागणाऱ्या वीचॅट आणि अलिपे या दोन्ही अ‍ॅपवर भारत सरकारने २०२० मध्ये बंदी घातली आणि ती भारतातल्या अ‍ॅप स्टोअरवर मिळत नाहीत. त्यामुळे भारतातून जाणाऱ्याने रोख युआन जवळ ठेवूनच निघावे. विमानतळावर बँकांची खिडकी असते आणि आंतरराष्ट्रीय कार्डावर मोठ्या बँकांच्या एटीएममधून पैसे काढता येतात. रोख रक्कम नाकारण्यास तेथील नियमांनुसार दुकानदाराला मनाई आहे. अडचण येते ती सुट्या पैशांची. शंभराच्या नोटा घेऊन वूझेनच्या गल्लीत गेलात, तर विक्रेता नोटेकडे पाहतो, तुमच्याकडे पाहतो आणि शेजारच्या दुकानात सुटे मागायला जातो. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा शांघायमध्येच करून घ्याव्यात. इतर देशांत राहणारे आणि अलिपे वापरू शकणारे वाचक आपले परदेशी कार्ड त्याला जोडू शकतात. २०० युआनपर्यंतच्या एकेका व्यवहारावर शुल्क लागत नाही आणि त्यापुढे तीन टक्के लागते.

गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप तेथील स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले असेल, तर साधारणपणे चालतात, कारण ती वाहतूक भारतातल्या जाळ्यातून जाते. तरीही भाषांतराचे अ‍ॅप चिनी भाषेसह फोनवर उतरवून घ्यावे, म्हणजे नेट नसतानाही कॅमेरा फलकावर धरून वाचता येते. संग्रहालयात याची गरज पदोपदी पडते, कारण इंग्रजी फलक त्रोटक आहेत.

४. कोणते दिवस टाळावेत

ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मे महिन्याची सुरुवात आणि चिनी नववर्षाची सुट्टी या तीन वेळा टाळाव्यात. त्या दिवसांत दोंगझाच्या अरुंद रस्त्यावर माणूस चालत नाही, ढकलला जातो. वूझेन हे २०१४ पासून जागतिक इंटरनेट परिषदेचे कायमचे ठिकाण आहे. ही परिषद सहसा नोव्हेंबरमध्ये भरते, तेव्हा शीझा सामान्य पर्यटकांना बंद असते आणि संपूर्ण परिसरात तपासणी कडक असते. जून-जुलैमध्ये तेथे संततधार पावसाचा काळ असतो. मार्चअखेर ते एप्रिल आणि परिषद वगळून ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर हे दिवस उत्तम.

वारापेक्षाही वेळ महत्त्वाची आहे. शांघाय व हांगझोऊहून निघालेल्या सहलींच्या बस दहाच्या सुमारास येऊ लागतात. सकाळी द्वार उघडताच आत जाणारा माणूस संग्रहालयाच्या दालनांत जवळजवळ एकटा असतो; अकरा वाजता त्याच दालनात चार मार्गदर्शकांचे चार कर्णे एकाच वेळी वाजत असतात. म्हणून आदल्या रात्री वूझेनमध्येच मुक्काम करावा.

५. तेथे पोहोचणे

जलदगती रेल्वेचे जवळचे स्थानक तोंगश्यांग हे आहे. शांघायच्या होंगछ्याओ स्थानकातून किंवा हांगझोऊ पूर्व स्थानकातून तेथे थेट गाड्या आहेत आणि दोन्हीकडून तासाच्या आत पोहोचता येते. तिकिटे रेल्वेच्या १२३०६ या अधिकृत संकेतस्थळावर सुमारे पंधरा दिवस आधी खुली होतात. आरक्षण पारपत्राच्या क्रमांकावर होते, छापील तिकीट लागत नाही, पारपत्र हेच तिकीट. चिनी ओळखपत्राच्या स्वयंचलित दारातून आपल्याला जाता येत नसेल, तर बाजूच्या कर्मचारी असलेल्या दारातून जावे आणि सुरक्षा तपासणीसह त्यासाठी अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा.

तोंगश्यांग स्थानकाबाहेरून वूझेनच्या बसस्थानकाला जाणारी के-२८२ ही बस मिळते आणि तेथून गावातली के-३५० बस दोंगझा व शीझा या दोन्ही प्रवेशद्वारांना जाते. टॅक्सीने जाणार असाल, तर स्थानकाबाहेर स्वतःहून गळ्यात पडणाऱ्या चालकांना नम्रपणे टाळून अधिकृत रांगेतली मीटरची टॅक्सी घ्यावी आणि चिनी लिपीत लिहिलेला 'वूझेन, दोंगझा' हा कागद दाखवावा. नुसते वूझेन म्हटल्यास चालक तुम्हाला शीझाला नेऊन सोडेल, कारण बहुतेक गिऱ्हाईक तेथेच जाते.

६. दिनदर्शिका शेजारी घेऊन एक तक्ता करा

ही पायरी घरी बसून करायची आहे, आणि कोणतेही प्रवासी पुस्तक ती सांगत नाही. संग्रहालयातील सणांचे दालन वर्षभरातील रीती क्रमाने दाखवते, आणि फलकांवर 'पाचवा महिना, पाचवा दिवस', 'सातवा महिना, पंधरावा दिवस' अशा तिथ्या असतात. युरोपीय पाहुण्याला त्या निव्वळ आकडे वाटतात. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही. चिनी पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर आहे: महिना चंद्राचा, वर्षाचा मेळ सूर्याशी, आणि तो जुळवण्यासाठी मधूनमधून अधिक महिना. शिवाय महाराष्ट्रातला महिना जसा अमावास्येला संपतो, तसाच तेथील महिनाही अमावास्येच्या सुमारास पालटतो. उत्तर भारतातल्या पौर्णिमेला संपणाऱ्या महिन्यांचा घोळ येथे नाही. पंधरावा दिवस म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा.

साधारण वर्षात जुळणी अशी बसते: त्यांचा पहिला महिना म्हणजे आपला माघ, तिसरा चैत्र, पाचवा ज्येष्ठ, सातवा श्रावण, आठवा भाद्रपद, नववा आश्विन आणि बारावा पौष. अधिक महिना दोन्हीकडे एकाच वेळी येत नाही, त्यामुळे काही काळ ही जुळणी एका महिन्याने सरकते. २०२५ मध्ये चीनमध्ये अधिक सहावा महिना आला आणि आपल्याकडे त्या वर्षी अधिक महिना नव्हता. म्हणून त्यांची आठव्या महिन्याची पौर्णिमा ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, नेमकी आपल्या कोजागरीला आली. २०२६ मधील आपला अधिक ज्येष्ठ उलटल्यावर गाडी पुन्हा रुळावर येते, आणि त्या वर्षीचा हाच सण २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी आहे.

आता वहीत दोन रकाने करून हे लिहून घ्यावे:

- पहिल्या महिन्याची पौर्णिमा: पुलांवरून चालण्याची रीत. एकच पूल दोनदा न ओलांडता किमान दहा पूल पार करायचे.
- पाचव्या महिन्यातील पंचमी: केळीच्या पानातल्या पदार्थांप्रमाणे पानात बांधून उकडलेल्या चिकट भाताचा सण, ज्येष्ठ शुद्ध पंचमीच्या आगेमागे.
- पाचव्या महिन्याचा विसावा दिवस: पावसाच्या अधिपती ड्रॅगनांचा दिवस. आग विझवणारी पथके आपापले हातपंप बाहेर काढून रंगीत पाण्याचे फवारे उडवत.
- सहाव्या महिन्यातील षष्ठी: कपडे व पुस्तके उन्हात घालण्याचा दिवस. संततधार पाऊस नुकताच सरलेला असतो आणि घरभर बुरशी धरलेली असते, म्हणून.
- सातव्या महिन्याची पौर्णिमा: भटक्या आत्म्यांसाठी नदीत दिवे सोडण्याची रात्र. साधारण वर्षी ही आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराची.
- आठव्या महिन्याची पौर्णिमा: चंद्रदर्शन.
- नवव्या महिन्यातील नवमी: उंच जागी चढून जाण्याचा दिवस. आपल्या खंडेनवमीच्या आसपास.

काही दिवसांचा चंद्राशी संबंध नाही. ते आपल्या मकरसंक्रांतीसारखे सूर्यावर ठरतात आणि इंग्रजी तारखेला जवळजवळ पक्के असतात. ४-५ एप्रिलचा पितरांच्या थडग्यांची साफसफाई करण्याचा छिंगमिंग, ५-६ मेचा उन्हाळ्याचा प्रारंभ आणि २१-२२ डिसेंबरचा, पूर्वजांना नैवेद्य दाखवण्याचा दक्षिणायनान्ताचा दिवस हे त्यांतले संग्रहालयात दिसणारे तीन. वर्षाची अशी चोवीस सौर पर्वे मानण्याची ही पद्धत २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

७. संग्रहालयात काय आणि कसे पाहावे

दोंगझाच्या द्वारातून आत आल्यावर छप्पर असलेला जोडपूल लागतो आणि पुढे पूर्व रस्त्यावर आधी पलंगांचे संग्रहालय, मग लोकरीती संग्रहालय, मग लाकडी कोरीवकामाचे दालन असा क्रम येतो. मी सुचवीन की पहिले दालन तात्पुरते सोडून सरळ लोकरीती संग्रहालयात शिरावे. मन ताजे असताना ते पाहिले की पुढच्या सगळ्या वस्तू आपापल्या जागी बसतात. ही जुन्या घरातली दालने आहेत. उंबरे उंच आहेत, त्यामुळे पाय उचलून टाकावा; उंबऱ्यावर पाय देऊन उभे राहणे तेथेही अशिष्ट समजतात, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

मुख्य विषय चार आहेत: पोशाख, सण, विवाह आणि वयोवृद्धांचा वाढदिवस. पोशाखाच्या दालनात लांब झगे, आखूड जाकिटे आणि मुलांचे कपडे आहेत. कापडाचा पोत आणि काठावरचे भरतकाम जवळून पाहावे, बाकी तेथे रेंगाळण्याचे कारण नाही. वाढदिवसाच्या दालनात दीर्घायुष्याचे अक्षर आणि पीच फळे पुन्हा पुन्हा दिसतील. चिनी लोकसमजुतीत पीच हे दीर्घायुष्याचे फळ आहे, एवढे ठाऊक असले की ते दालन आपोआप उलगडते.

सणांच्या दालनात मात्र वही उघडावी आणि वेळ द्यावा. मे महिन्याच्या सुरुवातीच्या, उन्हाळा लागण्याच्या दिवसापाशी मोठ्या दांडीचा तराजू दिसेल, तेथे थांबावे. या दिवशी घरातल्या मुलांना आणि मोठ्यांनाही तुळईला टांगलेल्या अशा तराजूने जोखत. उन्हाळ्यात अंगावरचे मांस झडते, ते किती झडले हे कळावे म्हणून वजनाचा आकडा धरून ठेवायचा. यातला बारकावा वजन सरकवण्यात आहे. दांडीवरचे सरकते वजन आतून बाहेर, म्हणजे लहान आकड्याकडून मोठ्याकडेच न्यायचे. उलट दिशेला आणायचे नाही, कारण ते वजन घटण्याचे अपशकुन. मुलांच्या गळ्यात त्या दिवशी जाळीच्या पिशवीत उकडलेले अंडे असे. एवढे माहीत असलेला माणूस दांडीवरच्या खुणा वाचू लागतो. नसलेला तराजूचा फोटो काढून पुढे जातो.

पुलांवरून चालण्याच्या रीतीतही असाच एक तपशील आहे. बायका घरात औषधाचा काढा उकळण्यासाठी वापरलेले मातीचे भांडे सोबत नेत आणि पुलावरून नदीत टाकून देत, म्हणजे येत्या वर्षी ते लागू नये. संग्रहालयातून बाहेर पडल्यावर गावातले पूल त्या दृष्टीने पाहावेत. एकही पूल दोनदा न ओलांडता दहा पूल कसे पार करायचे, हे नकाशावर आखून पाहणे हा मुलांसोबत गेलेल्या पालकांसाठी चांगला उद्योग आहे.

आणखी एक विषय सर्व दालनांच्या खालून वाहत असतो, तो रेशमाचा. या भागात वसंत ऋतूतला रेशीमकिड्यांचा महिना हा घराघरात सोवळ्याचा महिना असे. दारे बंद, शेजाऱ्यांचे जाणे-येणे बंद, अशुभ शब्द तोंडावाटे काढायचे नाहीत. रेशीमदेवतेची जत्रा छिंगमिंगच्या आगेमागे भरे. होडीवर उभारलेल्या उंच बांबूवर चढून केलेल्या कसरती, ज्यांत कसरतपटू कोश विणणाऱ्या किड्याच्या हालचालींची नक्कल करतो, त्या याच जत्रेतल्या. दोंगझात त्यांचे प्रयोग होतात. वेळापत्रक प्रवेशद्वाराशी लावलेले असते, आत शिरतानाच त्याचा फोटो काढून ठेवावा.

विवाहाच्या दालनात पालखी, लाल रंगाचे रुखवताचे सामान आणि मांडलेले प्रसंग आहेत. येथे सर्वांत जास्त गर्दी होते आणि सर्वांत कमी कळते, कारण मार्गदर्शक विनोद सांगून लोकांना पुढे नेतात. गर्दी सरेपर्यंत अंगणात थांबावे. फ्लॅश वापरू नये आणि पुतळ्यांच्या कपड्यांना हात लावू नये.

या सगळ्याला दीड तास द्यावा. मोकळेपणाने सांगायचे तर मांडणी जुन्या वळणाची आहे, काही पुतळे अगदी बाळबोध आहेत आणि कोणती वस्तू नेमक्या कोणत्या गावातून आली हे कळण्याची सोय फारशी नाही. येथे प्रसंग पाहायला यावे. दुर्मीळ वस्तूंची अपेक्षा ठेवू नये.

८. संग्रहालयानंतरचा रस्ता

आता मागे वळून पलंगांचे दालन पाहावे. तेथील छिंगकालीन भव्य पलंग कारागिराच्या एक हजार दिवसांच्या श्रमाचा म्हणून ओळखला जातो. एकामागे एक कोरीव चौकटी ओलांडत आत जायचे, असा तो खोलीतल्या खोलीसारखा आहे. विवाहाचे दालन आधी पाहिलेले असले, तर हा पलंग कोणत्या घरातल्या कोणत्या सुनेसाठी असावा याचा अंदाज बांधता येतो.

लाकडी कोरीवकाम आणि नाण्यांची दालने आवडीप्रमाणे. त्यापुढची मद्यशाळा पांढऱ्या तांदळापासून केलेल्या सानबाय या मद्यासाठी प्रसिद्ध आहे. चव घ्यायला देतात. ते बरेच जहाल असते, तेव्हा रिकाम्या पोटी घेऊ नये.

रंगशाळा मात्र चुकवू नये. पटांगणात उंच बांबूंवर निळ्या-पांढऱ्या कापडाचे लांब पट्टे वाळत असतात, आणि लोक त्यांच्यामध्ये उभे राहून फोटो काढतात. खरे पाहण्यासारखे आत आहे. तेल पाजलेल्या कागदात नक्षी कोरून तो साचा कापडावर ठेवतात, सोयाबीनचे पीठ आणि चुना यांची लापशी त्यावरून ओढतात, ती वाळली की कापड निळीच्या हौदात बुडवतात. हौदातून निघालेले कापड निळे नसते, हिरवट-पिवळे असते; हवा लागली की डोळ्यांदेखत निळे होत जाते. हवा तेवढा गडदपणा येईपर्यंत बुडवणे-सुकवणे चालते आणि शेवटी लापशी खरवडून काढली की तिच्याखाली पांढरी नक्षी निघते. येथील दुकानातून कापड घेणार असाल, तर उलटी बाजू पाहावी आणि कडेला ओला रुमाल घासून पाहावा. गावात इतरत्र मिळणाऱ्या स्वस्त पिशव्या बहुधा यंत्रावर छापलेल्या असतात.

पूल ओलांडून गेल्यावर लेखक माओ दुन यांचे राहते घर लागते. ते १८९६ मध्ये येथेच जन्मले, पुढे चीनच्या जनप्रजासत्ताकाचे पहिले संस्कृतिमंत्री झाले, आणि रेशीम पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या हलाखीवर त्यांनी लिहिले आहे. संग्रहालयातल्या रेशीमजत्रेची दुसरी बाजू ज्यांना जाणून घ्यायची आहे, त्यांनी हे घर पाहावे. शीझासाठी दुपार ठेवली असेल, तर तेथील बांधलेल्या पावलांच्या, म्हणजे लहानपणीच करकचून बांधून आखूड ठेवलेल्या बायकांच्या पावलांच्या, बुटांचे संग्रहालय पोशाखाच्या विषयाला धरून आहे. लहान मुलांना नेण्यापूर्वी विचार करावा.

९. खाणे आणि परतणे

शाकाहारी मंडळींनी विशेष काळजी घ्यावी. गावात जागोजागी मिळणारी नणंद-भावजयीच्या नावाची खारट-गोड बिस्किटे पाहायला निरुपद्रवी दिसतात, पण त्यांत डुकराची चरबी असते. 'मांस नाही' एवढे सांगितल्याने चरबी आणि रस्सा वगळला जातोच असे नाही. 'मांस, मासे, अंडी, प्राण्यांची चरबी आणि मांसाचा रस्सा चालत नाही' हे वाक्य हॉटेलच्या स्वागतकक्षातून चिनी लिपीत कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद दाखवावा. चहाच्या दुकानात भाजलेल्या हिरव्या सोयाबीनचा खारट चहा आणि शेवंतीच्या वाळवलेल्या फुलांचा चहा निर्धास्त घ्यावा. औषधी पांढऱ्या शेवंतीसाठी तोंगश्यांग परिसर चीनभर प्रसिद्ध आहे, त्यामुळे घरी न्यायला सुटी फुले हीच सर्वांत रास्त खरेदी. दुकानदाराला पुडी उघडून दाखवायला सांगावी: फुले अखंड, मळकट पांढरी आणि कोरडी हवीत, अगदी शुभ्र दिसणारी घेऊ नयेत.

परतीच्या रेल्वेचे तिकीट काढताना दोंगझाच्या द्वारापासून तोंगश्यांग स्थानकापर्यंत किमान दीड तास धरावा आणि संध्याकाळी शेवटची बस किती वाजता सुटते हे सकाळी उतरतानाच बसस्थानकावर विचारून घ्यावे, कारण ती पर्यटकांच्या अपेक्षेपेक्षा लवकर असते. बस चुकली तर प्रवेशद्वाराजवळ टॅक्सी मिळते, फक्त त्या वेळी भाव मीटरवर न ठरता तोंडी ठरतो.